जागा होती, पण शेजारी नव्हती

उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) १६.०४ पासून अपग्रेड करत आणलेलं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला सॉफ्टवेअरचा संगणक, आहे माझ्याकडे. काल रात्री त्यावर डिस्क किती भरली ते दाखवणारं 'डीएफ' चालवलं, रूट, म्हणजे सिस्टिम जिथे असते ते मुख्य पार्टिशन, ९८ टक्के भरलेलं. मशीन बंद केलं, डिस्क २० जीबीची ४० केली, पुन्हा सुरू केलं. तरी ९८च.

हे अपेक्षित होतं. डिस्क, पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग) आणि आतली फाइलसिस्टिम (फायलींची मांडणी), तिन्ही वेगवेगळी वाढवावी लागतात. अडलं ते पार्टिशनपाशी. रूट आणि नव्या रिकाम्या जागेच्या मध्ये १ जीबीचं स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायचं पार्टिशन, होतं. पार्टिशन टेबलात, म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनांच्या यादीत, प्रत्येकाच्या जागेसाठी दोनच आकडे असतात, सुरुवात कुठे आणि लांबी किती. त्यामुळे जागा सलग नसेल तर मिळत नाही, मग पलीकडे २० जीबी का पडलेले असेनात.

मध्ये स्वॅपच होतं हे नशीब, त्यात जपण्यासारखं काही नसतं. डेटा असता तर अख्खं पार्टिशन सरकवावं लागलं असतं. त्यात एकेक ब्लॉक उचलून दुसरीकडे लिहिला जातो आणि मध्येच वीज गेली तर डेटा जाऊ शकतो.

डिस्कच्या फाइलची प्रत बाजूला ठेवली, 'स्वॅपऑफ'ने स्वॅप बंद केलं आणि पार्टिशन आखायचं 'एफडिस्क' उघडलं. स्वॅप काढलं, त्याच्याभोवतीचं एक्स्टेंडेड पार्टिशन (इतर पार्टिशनं पोटात घेणारं) काढलं. मग रूटही काढून त्याच २०४८ व्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कचा छोटा तुकडा) शेवटपर्यंत नव्याने आखलं. हा सुरुवातीचा आकडा एकाने जरी चुकला तरी फाइलसिस्टिम सापडत नाही. मी तो तीनदा ताडून पाहिला. एवढ्यात एफडिस्कने विचारलं, इथे ईएक्सटी४ ची सिग्नेचर (फाइलसिस्टिमची ओळखखूण) आहे, काढून टाकू का? प्रत हाताशी असूनही 'एन' दाबताना छातीत धडधडत होतं.

फाइलसिस्टिम वाढवणाऱ्या 'रिसाइझटूएफएस'ला मात्र काही सेकंदच लागले, तेही रूट माउंट, म्हणजे वापरात, असताना. आता ४७ टक्के.

पुढच्या बूटला मशीन दीड मिनिट थांबून राहिलं. सुरू होताना काय जोडायचं याची यादी असलेल्या 'एफस्टॅब'मध्ये जुन्या स्वॅपचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) तसाच होता आणि मशीन सुरू करणारं सिस्टिमडी त्याची वाट पाहत होतं. ती ओळ काढली आणि २ जीबीची स्वॅपफाइल केली. उबुंटू १७.०४ पासून नव्या इन्स्टॉलला हेच करतं, आणि ते मला मनापासून पटतं. फाइल कुणाच्या वाटेत येत नाही.

पुढचं मशीन एलव्हीएमवर (डिस्कची जागा एकत्र करून वाटणारी लिनक्सची सोय) घेणार आहे. तिथे लॉजिकल व्हॉल्यूमला, म्हणजे पार्टिशनच्या जागी येणाऱ्या भागाला, सलग जागा लागत नाही.