बांध कोरला तर दंड!

आज नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्स्टन पाहिलं. नावाजलेलं गाव नाही, पण शेतीवाल्या घरातल्या माणसाने एकदा बघावंच.

इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सामायिक शिवारं मोडली, कुंपणं घातली गेली, लहान कास्तकार देशोधडीला लागला. इथे मात्र मध्ययुगातली रीत अजून चालू आहे. तीन मोठी शिवारं, वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. मध्ये कुंपण नाही, नुसते लांबट पट्टे. एकाचा पट्टा इथे, दुसरा पार तिकडे. पिकांची फेरपालट सगळ्यांनी मिळून करायची: एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं विसाव्याला. मार्क पिअर्सने १६३५ साली केलेल्या मोजणीचा नकाशाही टिकून आहे.

खरी गंमत पुढे आहे. हिवाळ्याच्या तोंडाला गावचेच पंच शिवारफेरी करतात, खुंट्या ठोकून हद्द पक्की करतात. कोणी नांगर रस्त्यात घुसवला असेल तर दंड, तोही किरकोळच. निवाडा होतो कुठे? डव्हकोट इन नावाच्या पबमध्ये! त्या पंचायतीला ‘कोर्ट लीट’ म्हणतात, आणि तिला आजही कायद्याचा आधार आहे.

आमच्याकडे वीतभर बांधापायी दोन-दोन पिढ्या तारखांना जातात, त्यामुळे मला हे जरा जास्तच भावलं असेल.

अर्थात हे सगळं आपोआप टिकलेलं नाही. १९५२ मध्ये सरकारच्या कृषी खात्याने हे गाव विकत घेतलं, म्हणून वाचलं. रॉबिन हूडच्या नावाने शेरवूडच्या जंगलात जाणार असाल तर अर्धा दिवस इकडे काढा.