चार्जर गेला, असं वाटलं होतं

मी जळगावात मॉड्युलर किचन बसवतो. एक कॉर्डलेस ड्रिल, एक इम्पॅक्ट ड्रायव्हर (झटके देत स्क्रू पिळणारं मशीन) आणि १८ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, एवढ्यावर माझं काम चालतं. गेल्या मे महिन्यात एका साईटवर बावीस शटर, म्हणजे कपाटांचे दरवाजे, लावायचे होते आणि तिन्ही बॅटऱ्यांनी एकाच दिवशी चार्ज व्हायला नकार दिला. भाचा म्हणाला, "मामा, चार्जर गेला. नवा आणावा लागणार."

रिकाम्या चार्जरच्या पट्ट्यांना मल्टिमीटर लावला, तर शून्य. पण इथेच माणूस फसतो. बरेच चार्जर बॅटरी बसून तिची खूण पटल्याशिवाय करंट सोडतच नाहीत. खालच्या मजल्यावर फॉल्स सीलिंगचं काम चालू होतं, तिथे माझ्या बॅटऱ्यांच्याच कंपनीची एक बॅटरी होती. पाच मिनिटांसाठी मागून आणली, बसवली, आणि चार्जिंग सुरू! म्हणजे चार्जर ठणठणीत.

पहिली बॅटरी हातात घेतली तर चटका बसला. सकाळपासून टेम्पोच्या डॅशबोर्डवर उन्हात पडली होती. आत तापमान मोजणारा सेन्सर असतो. बॅटरी फार तापलेली असली की चार्जर थांबतो, आणि थांबतो तेच बरं. सावलीत फरशीवर ठेवली. फ्रीजमध्ये ठेवू का, असं भाच्याने विचारलं, त्याला नको म्हटलं. आत दव धरतं. पाऊण तासाने ती गुपचूप चार्ज व्हायला लागली.

दुसरी थंड होती, मीटरवर १६.८ व्होल्ट दाखवत होती, तरी लाल दिवा लुकलुकत होता. मोबाईलच्या टॉर्चमध्ये तिच्या खाचा पाहिल्या. प्लस-मायनसच्या पट्ट्या चकचकीत, पण मधल्या बारीक पट्टीवर प्लायचा भुसा आणि घाम मिळून तपकिरी थर बसलेला. ही पट्टी त्या सेन्सरची. तिथून निरोप पोहोचला नाही, तर चार्जरला बॅटरी गरम की गार तेच कळत नाही. जुना टूथब्रश, मोबाईल रिपेअरवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), आणि लाकडाची काडी. दोनदा घासलं, सुकू दिलं, काम झालं. पॉलिश पेपर कधीच लावू नका, वरचा मुलामा निघतो आणि मग पट्टी गंजते.

तिसरीचं मात्र वाईट वाटलं. आधीच्या पावसाळ्यापासून ड्रिलला लावून तशीच उतरलेली पडली होती. मीटरवर १०.९ व्होल्ट. अशा बॅटरीत पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्टचे, पूर्ण चार्ज झाल्यावर मिळून २१ व्होल्ट होतात. घरी नेऊन खोलली आणि एकेक सेल मोजला: २.६, २.५, २.६, २.६ आणि शेवटचा ०.६.

ओळखीतल्या एकाने सांगितलं, "चांगल्या बॅटरीची वायर लावून झटका दे, उठेल." उठलीही असती कदाचित. पण लिथियमचा सेल इतका खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना तेच नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. माझा भाचा रात्री त्याच खोलीत झोपतो जिथे चार्जिंग चालतं. दोन-तीन हजार वाचवायला मी ते करणार नाही, आणि कोणी करत असेल तर हात जोडून सांगतो, करू नका.

पट्ट्यांवर चिकटपट्टी लावली आणि ती बॅटरी ई-कचऱ्यात दिली. उरलेल्या दोघींवर त्याच दिवशी संध्याकाळी बावीसावा शटर लागला. आता काम थांबलं की बॅटऱ्या ड्रिलमधून काढून, अर्ध्या चार्ज करून कपाटात ठेवतो, आणि महिन्यातून एकदा भाचा मीटर लावून आकडा वहीत लिहितो.