चार मेणबत्त्या आणि भिंतीवरचा पंखा

29 नोव्हेंबर 2025, शनिवार. संध्याकाळी साडेसहाच्या मिस्सेने, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेने, आगमनकाळ (नाताळच्या तयारीचे चार रविवार) सुरू होणार होता. 30 नोव्हेंबरला संत अंद्रियाचा सण असतो आणि त्याला सगळ्यात जवळचा रविवार तो आगमनकाळाचा पहिला. यंदा दोन्ही एकाच दिवशी आले. रविवारची उपासना शनिवारी संध्याकाळीच सुरू होते, म्हणून आमच्या वसईच्या चर्चमध्ये वेदीची तयारी दुपारपर्यंत उरकावी लागते.

या काळात पाल्याचं हिरवं कडं ठेवतात, त्यावर चार मेणबत्त्या असतात आणि दर रविवारी एक जास्त पेटवतात. आमच्या कड्याचा सांगाडा लोखंडी आहे. बाहेरचा व्यास 75 सेंमी, 11 सेंमी रुंद पन्हळ आणि त्यावर मेणबत्तीसाठी चार ताटल्या, प्रत्येकीच्या मध्ये एक उभा खिळा. पन्हळीत फुलवाल्यांकडचा हिरवा फोम बसतो. चार विटा जाडीत अर्ध्या चिरल्या की कडं भरतं. भिजलेली एक वीट साधारण दोन लिटर पाणी धरते, म्हणजे आठेक किलो वजन नुसतं पाण्याचंच. कड्याच्या स्टँडचे पाय आधी हलवून बघायचे ते यासाठी.

सकाळी मदतीला आलेल्या मुलांनी विटा बादलीत हाताने दाबून बुडवल्या. पहिली चिरली तर कडा गडद हिरव्या आणि मधोमध फिकट, कोरडा पट्टा. दाबलं की बाहेरची छिद्रं आधी भरतात, आतली हवा कोंडते आणि तो भाग नंतर पाणी घेत नाही. असा फोम टाकूनच द्यावा लागतो. वीट पाण्यावर नुसती ठेवायची. ती दीड-दोन मिनिटांत आपोआप खाली जाते. दोन विटा जास्त आणल्या होत्या म्हणून निभावलं.

पाल्यात खालचा थर अशोकाच्या पानांचा, वर फर्न. किनाऱ्यावर सुरूच्या झाडाचा पाला भरपूर आहे आणि दिसतोही छान, पण तो तीन-चार दिवसांत वाळतो आणि ठिणगीने भडकतो. मेणबत्तीजवळ तो नकोच. ताटली पाल्याच्या वर किमान 5 सेंमी राहिली पाहिजे.

मेणबत्त्या तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, यंदा 14 डिसेंबरची. दरवर्षी कुणीतरी ती चौथी समजतं, म्हणून ताटल्यांखाली खडूने आकडे घालतो. विकत घेताना जळण्याचा हिशोब करायचा. आमच्याकडे शनिवार-रविवार मिळून तीन मिस्सा, प्रत्येकी तासाची, आणि रोज सकाळी अर्ध्या तासाची, म्हणजे आठवड्याला सहा तास. त्या मानाने पहिली मेणबत्ती नाताळपर्यंत साडेबावीस तास जळते, चौथी जेमतेम साडेचार. बोटाएवढी बारीक मेणबत्ती दुसऱ्या आठवड्यातच बुडाला येईल. 5 सेंमी जाड, 20 सेंमी उंच घेतली की चिंता नाही. थंड खिळ्यावर दाबली तर बुडातून तडा जातो. दुसरा खिळा तापवून आधी भोक पाडायचं.

साडेतीनला पहिली पेटवून बघितली. वीस मिनिटांत तिची डावी बाजू खचली आणि मेण ताटलीवरून ओघळत फर्नवर आलं. “काका, मेणबत्तीच खराब आहे, बदलून आणू का?” एका मुलाने विचारलं. मेणबत्ती चांगली होती. अगरबत्ती पेटवून ज्योतीच्या उंचीला धरली, धूर सरळ आडवा गेला. भिंतीवरचा पंखा नेमका कड्यावर वारा टाकत होता. ज्योत एकीकडे झुकली की त्या बाजूचा काठ आधी वितळतो, आणि काठ गेला की मेण थांबत नाही. मिस्सेला माणसं भरपूर, पंखा बंद ठेवणं शक्य नव्हतं.

कडं दीड मीटर सरकवून वाचनाच्या स्टँडपुढे घेतलं. वेदीवर ते ठेवायचंच नसतं, तिथे भाकर-द्राक्षारसाला जागा मोकळी हवी. अगरबत्तीचा धूर आता थोडाच हलला. तेवढ्यासाठी 10 सेंमी रुंद काचेच्या नळ्या लावल्या, ज्योतीपेक्षा चार बोटं उंच. पहिली नळी ताटलीवर टेकवताच ज्योत फडफडली आणि काजळी धरली, कारण खालून हवाच नव्हती. नळीखाली पत्र्याचे तीन छोटे तुकडे ठेवून फट सोडली. वात कापून अर्धा सेंमी केली. ज्योत सरळ उभी राहिली.

कुणीतरी शेवंतीच्या दोन टोपल्या श्रद्धेने आणल्या होत्या. आगमनकाळात सजावट साधी, फादरचा झगा जांभळा, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत नाही. “मावशी, 3 तारखेला संत फ्रान्सिस झेवियर आणि 8 ला निष्कलंक मारियेचा सण आहे. दोन्हीला पांढरा झगा असतो, तेव्हा आणाल का?” त्या लगेच ‘हो’ म्हणाल्या.

वाचनांच्या पुस्तकाची खूण सगळ्यात शेवटी. रविवारची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात. नवं उपासनावर्ष ‘अ’, शुभवर्तमान मत्तयचं, 24व्या अध्यायातलं, ‘जागृत राहा’. सरलेल्या ‘क’ वर्षाचं पुस्तक वाचनाच्या स्टँडवरच राहिलं होतं.

साडेसहाला फादरनी कड्याला आशीर्वाद दिला, एका मुलीने पहिली जांभळी मेणबत्ती पेटवली. तासाभराने बघितलं तर मेण सगळीकडून सारखं वितळलं होतं. फुंकली असती तर मेण काचेवर उडालं असतं, म्हणून ज्योतीवर विझवायची टोपी ठेवून मालवली, वात सरळ केली आणि पन्हळीत पेलाभर पाणी घातलं.