सहा रात्रींचा हिशेब

मेलबर्नमध्ये मी कौटुंबिक मध्यस्थ म्हणून काम करते. वेगळे झालेले आईबाप मुलांच्या प्रश्नावर कोर्टात जाण्याआधी आमच्यासमोर बसतात. हिंसाचारासारखे अपवाद सोडले तर कायद्यानेच तो प्रयत्न करावा लागतो. मे महिन्यात एक मराठी जोडपं आलं. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) दोघांच्या हातात एकेक सरकारी पत्र, आणि समोरच्यानेच आपली तक्रार केलीय अशी दोघांचीही खात्री.

मुलं दोन. राहायला आईकडे, बाबाकडे एक आड एक वीकेंड, म्हणजे पंधरवड्याला दोन रात्री. फेब्रुवारीत शाळा सुरू होताना बाबाची आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली. शाळेतून आणणारं, गरम जेवू घालणारं माणूस घरात आल्यावर तो म्हणाला, सहा रात्री ठेवतो. तिने व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला. इतक्या समजुतीने झालेला बदल आमच्या टेबलावर सहसा येतच नाही. पण हे पैसे ठरवणाऱ्या सरकारी खात्याला कळवायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

चाइल्ड सपोर्ट, म्हणजे मुलांच्या खर्चासाठी त्याने तिला द्यायची रक्कम, कमी का होत नाही म्हणून त्याने मेमध्ये फोन केला, तेव्हा नियम कळला. बदल २८ दिवसांत कळवला तर तो झाला त्या दिवसापासून धरतात. उशीर झाला, तर ज्याच्याकडच्या रात्री वाढल्या त्याची वाढ कळवल्याच्या दिवसापासून, आणि जिच्याकडच्या कमी झाल्या तिची घट मात्र पहिल्या दिवसापासून. म्हणजे त्याने तीन महिने जुन्याच दराने भरलं, आणि तिच्या फॅमिली टॅक्स बेनिफिटमध्ये, म्हणजे मुलं सांभाळण्यासाठी सरकारकडून मिळणाऱ्या मदतीत, जास्तीचे पैसे निघाले, ते परत मागणारं पत्र आलं.

"तू फोन केलास म्हणून हे झालं," ती म्हणाली.

"मग मी गप्प बसायचं होतं?"

मी फळ्यावर आकडे लिहिले. २००८ पासूनच्या सूत्रात वर्षाच्या रात्रींचा टक्का काढतात. पंधरवड्याला दोन रात्री म्हणजे १४ टक्के. तेवढ्यावर मुलांच्या खर्चाचा २४ टक्के भाग तुम्ही सांभाळून उचलता असं धरलं जातं. चार रात्री केल्या, २८ टक्के झाले, तरी २४च. पाच रात्रींना, ३५ टक्क्यांवर, २५. सहा रात्री, म्हणजे ४२ टक्के, की एकदम ३९. समजा एकूण कमाईत बाबाचा वाटा ७० टक्के आणि मुलांचा वर्षाचा खर्च २०,००० डॉलर. दोन रात्रींना ७० मधून २४ वजा, उरले ४६ टक्के: त्याने द्यायचे ९,२००. चार रात्रींनाही ९,२००. सहा रात्रींना ६,२००.

तो फळ्याकडे बघत राहिला. "म्हणजे दोनच्या चार केल्या असत्या तर काहीच नाही?"

"काहीच नाही."

ती पहिल्यांदा हसली. मग पिशवीतून कालनिर्णय काढून टेबलावर पसरलं. चतुर्थी, एकादशीच्या चौकटींत बॉलपेनने ठिपके: निळा म्हणजे बाबाकडे, लाल म्हणजे तिच्याकडे. त्याच्या मोबाइलमधल्या शिफ्टशी आम्ही ते ताडून पाहिलं. एका रात्रीचाही फरक निघाला नाही.

चहाला थांबलो तेव्हा बाहेर बसलेल्या आजींनी मला गाठलं. "रात्रीच मोजतात होय? झोपलेल्या पोराला काय खर्च येतो गं? लाल ठिपक्याच्या दिवशीसुद्धा सातपर्यंत पोरं माझ्याकडेच जेवून जातात की."

नुसत्या रात्रींवरून खरं चित्र दिसत नसेल तर तास मोजायची सोय आहे, पण ते सिद्ध करत बसणं किचकट. रात्र मोजायला सोपी, म्हणून ती मोजतात. मला विचाराल तर आजींचा मुद्दा बिनतोड होता. फक्त त्याला रकाना नाही.

दुपारी पॅरेंटिंग प्लॅन, म्हणजे मुलांच्या सांभाळाचा दोघांमधला लेखी ठराव, लिहायला घेतला. रात्री बदलल्या की आठवड्याच्या आत दोघांनीही आपापलं कळवायचं, हे कलम लगेच ठरलं. अडलं ते ऑगस्टवर. आजींचं परतीचं तिकीट तेव्हाचं, त्याच्या रात्रपाळ्या सुरूच राहणार. चारपेक्षा जास्त रात्री त्याला झेपणार नव्हत्या, आणि चार म्हणजे पुन्हा ९,२००. तो बराच वेळ पेन वाजवत बसला. तिने शाळेनंतरच्या पाळणाघराची अर्धी फी आपण भरू म्हटलं, तेव्हा कुठे तो हो म्हणाला. प्लॅनमध्ये मी "आजी भारतात परतल्यानंतर" असा वेगळा मथळा टाकला आणि त्याखाली चार रात्रींचे वार लिहिले.