टेबलावरचा बैल

भिंतीवरची चित्रं बघून झाली की गॅलरीत आलेला माणूस हमखास माझ्या टेबलाशी थांबतो. "हा बैल केवढ्याला?" विकायचा नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "का हो, असं काय आहे त्यात?" तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

बैल वीतभर उंच. अंग सागवानी, वशिंडावर पितळी चुकांनी ठोकलेलं चामडं, शिंगं तांब्याच्या तारेची, शेपूट काथ्याचं. पोटाखाली करणाऱ्याची सही. तो आमच्या विदर्भातलाच. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरलेला माणूस असले बैल करणारच. फ्रेमांचं बिल थकलं होतं, त्यात त्याने हा दिला. आता तो नाही.

कुणी नाक मुरडतं, की असल्या जोडकामाला शिल्प म्हणायचं का? पिकासोने 1942 साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं होतं. पुढे ते ब्राँझमध्येही ओतून घेतलं. ब्राँझला एक बरं असतं, सगळं अंग एकाच धातूचं. माझ्या बैलाच्या अंगातली मंडळी एकमेकांशी पटवून घेत नाहीत. पावसाळ्यात सागवान फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. पितळ ढिम्म, मग चुका सैल होतात. चामड्यातली चरबी पितळेला लागली की चुकेच्या डोक्याभोवती हिरवट मेणचट थर चढतो. तो मी दरवर्षी बांबूच्या काडीने हलक्या हाताने खरवडतो. ते काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

पण न विकण्याचं कारण ते नव्हे. एका पावसाळ्यात उंदराने शेपूट पळवलं. मी घरच्या पायपुसण्याचा काथ्या उपसून, पीळ देऊन नवं चिकटवलं. पुढच्या वर्षी डावा कान गेला. तो माझ्या जुन्या चपलेतून कापला. म्हणजे सही त्याची, शेपूट माझं. सांगून विकावा तर किंमत पडते, न सांगता विकावा तर ती लबाडी.

लबाडी करणार होतो एकदा. एक गृहस्थ चेकबुक काढून बसले होते. बैल उलटसुलट फिरवून बघितला, शेपटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे हो, पण कलाकाराचा हात दिसतो तो इथे!"

मी बैल त्यांच्या हातातून काढून घेतला आणि चहा मागवला.