बेसबॉल मारामारी शीट अपडेट: बंदी जाहीर किती, भोगली किती

तर मंडळी, मेजर लीगमधल्या (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च लीग) भांडणांची आणि शिक्षांची जी शीट भरतोय तिचं पुढचं अपडेट. १९६५ पासूनच्या मोठ्या केसेस बऱ्यापैकी आत गेल्यात, पण या वेळी नवीन ओळींपेक्षा कॉलमवरच जास्त वेळ गेला. आतापर्यंत बंदीचा एकच आकडा होता, आता तीन केलेत, एक जाहीर झालेली बंदी, दुसरी अपीलनंतर उरलेली, आणि तिसरं म्हणजे त्या माणसाचं प्रत्यक्षात काय बुडालं. हा तिसरा कॉलम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण नुसत्या आकड्यावरून बेसबॉलमधली शिक्षा कळतच नाही.

कारण सांगतो. रोज खेळणाऱ्या बॅटरला पाच मॅचची बंदी म्हणजे पाच मॅच गेल्याच. पण स्टार्टिंग पिचर, म्हणजे मॅचच्या सुरुवातीपासून बॉल टाकणारा, टाकतो साधारण पाच दिवसांतून एकदा, त्यामुळे त्याच पाच मॅचमध्ये त्याचा फार तर एक स्टार्ट जातो, आणि मॅनेजरने क्रम जरा सरकवला तर तोही एखाद दिवस पुढे ढकलून वाचतो. म्हणून लीग पिचरला मुद्दाम मोठा आकडा देते. २०१६ च्या जूनमध्ये बाल्टिमोरला पिचर योर्डानो व्हेंचुराने बॅटर मॅनी मचाडोच्या पाठीत जोरदार फास्टबॉल हाणला, मचाडो माउंडवर (पिचर उभा असतो तो उंचवटा) धावून गेला आणि त्याला गुद्दा मारला. जाहीर झालेली बंदी व्हेंचुराला ९ मॅच, मचाडोला ४. वरवर बघितलं तर पिचरला दुपटीहून जास्त, पण नऊ मॅचमध्ये त्याचे जास्तीत जास्त दोन स्टार्ट येतात, म्हणजे तिसऱ्या कॉलममध्ये मचाडोचंच नुकसान जास्त दिसतं.

आणि ज्या केसवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ती २०१३ ची, सॅन डिएगो. ११ एप्रिल, सहावी इनिंग, डॉजर्स २-१ ने पुढे, काउंट ३-२ (तीन बॉल, दोन स्ट्राइक, अजून एक बॉल झाला की बॅटर फुकटात बेसवर), आणि डॉजर्सचा पिचर झॅक ग्रिंकीचा बॉल कार्लोस क्वेंटिनच्या दंडावर बसला. आता एका रनची मॅच, फुल काउंट, अशा वेळी कोण मुद्दाम मारेल? पण ग्रिंकीने त्याला आधीही मारलेलं होतं, क्वेंटिन दोन पावलं पुढे आला, मग सरळ धावत सुटला, ग्रिंकीने ग्लोव्ह टाकून खांदा पुढे केला आणि धडकेत त्याचं डावं कॉलरबोन मोडलं. क्वेंटिनला ८ मॅच. ग्रिंकी मे महिन्याच्या मध्यापर्यंत बाहेर. डॉजर्सचे मॅनेजर डॉन मॅटिंग्ली तेव्हा म्हणाले होते की ग्रिंकी टाकायला लागेपर्यंत क्वेंटिननेही खेळू नये, आणि मला ते आजही पटतं. ज्याचं हाड मोडलं तो महिनाभर बाहेर आणि ज्याने मोडलं तो आठ मॅचनंतर मैदानात, हे कुठल्याही हिशोबात बसत नाही.

प्रोसेस विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. पिचर मुद्दाम बॅटरवर टाकतोय असं अंपायरला वाटलं तर तो पिचरला, किंवा पिचर आणि मॅनेजर दोघांनाही बाहेर काढू शकतो, नाहीतर दोन्ही टीमला वॉर्निंग देतो. मॅचनंतर अंपायरचा रिपोर्ट लीग ऑफिसला जातो, साध्या प्रकरणात १२ तासांत, हात उगारणं वगैरे गंभीर असेल तर ४ तासांत. पुढचं सगळं ऑफिसच्या हातात. क्रिकेटमध्ये आयसीसीचं लेव्हल १ ते ४, डिमेरिट पॉइंट, चार झाले की बंदी असं कोष्टक ठरलेलं असतं, तसं मारामारीसाठी इथे नाही. आधीच्या केसेस, आधीची वागणूक आणि कुणाला किती लागलं हे बघून आकडा ठरतो, म्हणून तर शीट ठेवायला मजा आहे. खेळाडूला युनियनमार्फत अपील करता येतं आणि निकाल लागेपर्यंत तो खेळत राहतो. मॅनेजर आणि कोच युनियनमध्ये नसतात त्यामुळे त्यांची बंदी लगेच सुरू. आणि या प्रकारच्या बंदीत टीमला बदली खेळाडू मिळत नाही, २६ ऐवजी २५ खेळाडूंवर भागवावं लागतं, म्हणजे शिक्षा अख्ख्या टीमला होते.

अजून एक, डगआउटमधून (टीम बसते ती जागा) पळत मैदानात येणं हा इथे सहसा गुन्हा धरत नाहीत. एनबीएमध्ये भांडणाच्या वेळी बेंच सोडलं की किमान एक मॅच गेली, इथे उलट जो येत नाही त्याच्याकडे टीममेट वाकड्या नजरेने बघतात. बुलपेनवाले (लांब वॉर्मअप करत बसलेले राखीव पिचर) पार आउटफिल्ड ओलांडून धावत येतात आणि तोवर बहुतेक वेळा भांडण संपलेलं असतं.

२६ जून २०२२, अनाहाइम, एंजल्स विरुद्ध मॅरिनर्स, ही शीटमधली सगळ्यात लांबलचक नोंद. आदल्या दिवशी एंजल्सच्या माइक ट्राउटच्या डोक्याजवळून बॉल गेला होता. दुसऱ्या दिवशी एंजल्सने ऐनवेळी स्टार्टर बदलून अँड्र्यू वाँट्झला पाठवलं, त्याने आधी मॅरिनर्सच्या हुलियो रॉड्रिगेझच्या पाठीमागून बॉल टाकला आणि पुढच्या इनिंगला जेसी विंकरला मारला. विंकर सरळ एंजल्सच्या डगआउटकडे गेला आणि मग जे झालं ते झालं. एकूण १२ जण, मिळून ४७ मॅच. मॅनेजर फिल नेव्हिनला १०, विंकरला ७, आणि एका दुभाष्यालासुद्धा २. एंजल्सच्या रायसेल इग्लेसियासने सूर्यफुलाच्या बियांचा डबा मैदानात भिरकावला होता, बंदी त्यालाही. त्यांच्याच अँथनी रेंडनचं मनगटाचं ऑपरेशन झालं होतं, उजवा हात बांधलेला, तर त्याने डाव्या हाताने विंकरच्या तोंडावर ढकललं. तो इंज्युअर्ड लिस्टवर (जखमी खेळाडूंची यादी) होता म्हणून ५ मॅच परत आल्यावर भोगायच्या असं ठरलं, त्याची नोंद ‘पुढे ढकललेली’ या वेगळ्या रंगात केलीय.

५ ऑगस्ट २०२३ ची क्लीव्हलंडची केस सगळ्यांना पाठ आहे, होझे रामिरेझ सेकंड बेसवर टिम अँडरसनच्या पायांमधून स्लाइड झाला, उठून बोट रोखलं, दोघांनी बॉक्सरसारखे हात वर केले आणि रामिरेझच्या एका ठोशात अँडरसन आडवा. जाहीर अँडरसनला ६ आणि रामिरेझला ३, अपीलनंतर ५ आणि २. दोघेही रोज खेळणारे, त्यामुळे इथे दुसरा आणि तिसरा कॉलम सारखाच येतो.

जुन्यातली १९६५ ची मारिशाल-रोझबरो केस सगळ्यात भयंकर. कँडलस्टिक पार्कला जायंट्सचा पिचर हुआन मारिशालने डॉजर्सचा कॅचर जॉन रोझबरोच्या डोक्यात बॅट घातली, रक्ताने चेहरा भरला, विली मेजने रोझबरोला सांभाळलं. शिक्षा? ८ खेळाचे दिवस आणि १७५० डॉलर. मारिशालचे दोन स्टार्ट बुडाले आणि जायंट्सचं पेनंट (लीगचं विजेतेपद) दोनच गेमने हुकलं, म्हणजे ‘बुडालेलं’ इथे कदाचित पूर्ण टीमचं लिहायला हवं. तरीही डोक्यात बॅट घालणाऱ्याला एवढीच शिक्षा हे वाचून आजही राग येतो. पुढे दोघांची मैत्री झाली ही वेगळी गोष्ट, ती शेऱ्यात टाकलीय.

आता पुढचा टॅब अंपायरशी झालेल्या प्रकरणांचा. १९८८ चा पीट रोझ, अंपायर डेव्ह पॅलोनला धक्का, ३० दिवस, तो भरलाय. रॉबर्टो अलोमारचा भरतोय. २७ सप्टेंबर १९९६ ला टोरंटोला तो अंपायर जॉन हर्शबेकच्या तोंडावर थुंकला, बंदी ५ मॅच, पण अपीलमुळे खेळत राहिला, दुसऱ्याच दिवशी एक्स्ट्रा इनिंगमध्ये होमर (होम रन) मारून ओरिओल्सना प्लेऑफमध्ये नेलं, पुढे क्लीव्हलंडविरुद्धची सिरीजही त्याच्याच होमरवर संपली, आणि बंदी भोगली ती १९९७ च्या सीझनच्या सुरुवातीला. अंपायर संपावर जाण्यापर्यंत आले होते ते उगाच नाही. यासाठी ‘बंदी कधी भोगली’ असा चौथा कॉलम टाकतोय, कुणाकडे अशा सीझन ओलांडून गेलेल्या अजून केसेस असतील तर वर्ष आणि टीम सांगा, लगेच जोडतो.