संकष्टीची भरती

ठाण्यातील एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. चेंदणी कोळीवाड्यातील वृद्ध तांडेलांच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्या प्रमुखांच्या, आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम आमच्या विभागाने हाती घेतले, तेव्हा पहिल्या दिवसाची आखणी माझ्याकडे होती. सकाळी नऊला होडीने खाडीत शिरायचे आणि दुपारपर्यंत परतायचे, असे मी विद्यार्थ्यांना कळवले होते. आम्ही बंदरावर पोहोचलो तेव्हा खारफुटीपर्यंत करडा चिखल उघडा पडला होता, त्यावर निवट्या उड्या मारत होत्या आणि आमची होडी एका कुशीवर कलली होती.

"सर, आज संकष्टी हाय ना?" तांडेल काका म्हणाले. "चाराची पाऊणपट किती? तीन. तीनला पानी भरंल."

मला संकष्टीचा उपास होता आणि चंद्रोदयाची वेळ मी कालनिर्णयात पाहूनच निघालो होतो; पण त्याच तिथीत भरतीची वेळही असते, हे माझ्या मनात आले नव्हते. अमावास्येला आणि पौर्णिमेला आपल्याकडे बाराच्या सुमारास पूर्ण भरती येते व पुढे ती रोज साधारण पाऊण तासाने लांबते, म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन.

मग आम्ही काकांच्या घरी थांबलो. त्यांच्या दाराचा उंबरठा म्हणजे आजोबांच्या पडावाची, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीची, सागवानी फळी आहे. खिळ्यांच्या भोकांभोवती गंजाची काळी वर्तुळे उमटलेली आहेत आणि एका सांध्यात अजून कापूस ठासलेला दिसतो. त्यावर हात ठेवून काकांनी सांगितले की, ओहोटी लागली की पडाव मुंबईकडे सुटायचा आणि भरती धरून माघारी यायचा. शीड केवळ मदतीला, खरी ओढ पाण्याची. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी खाडीवरून पुलाने पलीकडे गेली, हे मी दरवर्षी शिकवतो. पण त्या पुलाखालून भरती-ओहोटीवर चालणाऱ्या या दुसऱ्या वाहतुकीविषयी वर्गात एक वाक्यही बोललो नव्हतो.

बोलण्याच्या ओघात १७३७ चा विषय निघाला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठी फौज खाडी ओलांडून साष्टी बेटावर उतरली आणि ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचा मध्यवर्ती कारागृह, पोर्तुगीजांकडून घेतला, असे मी सांगत होतो. काकांनी मध्येच विचारले, "तवा तिथी कंची व्हती?"

माझ्या टिपणात केवळ इंग्रजी तारीख होती. वास्तविक पेशवेकालीन पत्रांवर तिथी तरी असते, नाही तर 'छ' या खुणेने मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे चांद्र दिवस, लिहिलेला असतो. दोन्ही गणना चंद्राच्याच, म्हणजे भरतीच्याच. इंग्रजी तारखेत रूपांतर करताना आपण त्यातले पाणी आटवून टाकतो. नावा किती वाजता लोटता आल्या असतील, हे त्या कागदांतूनच काढता येईल, आणि या वर्षी विद्यार्थ्यांकडून तेच करून घ्यायचे मी तेथेच ठरवले.

तीनला थोडा अवकाश असताना काका उठले. बंदरावर चिखल दिसेनासा झाला होता, आणि कललेली होडी हळूहळू सरळ होत होती.